बारा बाटल्या पाणी

फोन वाजला तेव्हा फौजदारबाईंचं दूध उतू जात होतं. त्यांनी आधी फोन घेतला आणि मग गॅस बंद केला. पोलिसातल्या तीस वर्षांची सवय. दूध काय, पुन्हा आणता येतं.

"बाई, असाल तशा या," पलीकडून वाइनच्या दुकानाचा मालक बोलत होता. "चोरी झालीय. म्हणजे बाटल्या जागेवर आहेत. भरलेल्याही आहेत. पण आत पाणी आहे."

"कसलं पाणी?"

"नळाचं. काल बारा बाटल्या उत्तम रेड वाइन होती, आज बारा बाटल्या पाणी. उद्या दुपारी शंभर माणसं येणार आहेत. त्यांच्यापुढे काय तोंड दाखवू मी?"

बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण हे दुकान म्हणजे त्यांचं शनिवारचं दुकान. दर शनिवारी पाच वाजता त्या तिथे जायच्या आणि एक बाटली घेऊन यायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना चांगलाच शौक दिसतोय. कसला शौक न कसलं काय! अर्धा पेला त्यांच्या जिवावर यायचा, उरलेली बाटली शेजारीण संपवायची. बाई जायच्या त्या चिठ्ठीसाठी.

त्या दुकानात प्रत्येक बाटलीखाली एक चिठ्ठी टांगलेली असायची. वाइन कशी लागते, हे गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत चार ओळी. बाटली घेतली की चिठ्ठी तुमची. "ही रागीट मामासारखी. पहिल्या घोटाला दटावते, मग हळूच खिशातून गोळी काढून देते." किंवा, "सायकलच्या दुकानातला रबराचा वास, त्यामागे पिकलेलं जांभूळ. घाई असेल तर घेऊ नका." लिहिणारा माणूस तीस वर्षं तिथेच चव घेत बसलेला. सगळे त्याला चिठ्ठीमास्तर म्हणायचे. मास्तरांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. बाईंचे यजमान त्याच्याही आधी.

दोन महिन्यांपूर्वीची एक चिठ्ठी अशी होती: "संध्याकाळी दमून घरी यावं, आणि आपल्या आधी कुणीतरी दिवा लावलेला असावा, तशी." बाईंनी ती रस्त्यातच वाचली आणि त्या चालायच्या थांबल्या. त्यांच्या घरात चार वर्षं त्यांच्या आधी कुणी दिवा लावला नव्हता. पुढच्या शनिवारी त्या केस जरा नीट बांधून गेल्या. बासष्टाव्या वर्षी माणसाला लाज वाटते अशा गोष्टींची. पण खोटं कशाला बोला, त्यांना वाटलं होतं की ती चिठ्ठी आपल्यासाठी आहे. आठवडाभरात त्यांच्याशी मनातलं बोलणारं एवढं एकच होतं, आणि ते त्यांना गमावायचं नव्हतं.

दुकानात मालक येरझाऱ्या घालत होता. माणूस पोटाने मोठा, मनाने भित्रा. त्याने उद्याचा बेत बाईंना पुन्हा एकदा सांगितला. बारा बाटल्या कापडी पिशव्यांत झाकून ठेवायच्या. मास्तरांनी गिऱ्हाइकांसमोर एकेक चाखायची, वास घ्यायचा, ओळखायची आणि तिथल्या तिथे चिठ्ठी सांगायची.

"मास्तर तयार होते?"

"आधी नाही म्हणाले. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाले. मी हट्ट धरला, तेव्हा गप्प बसले."

"बाटल्या शेवटच्या कुणी पाहिल्या?"

"मीच. काल रात्री दुकान बंद करताना माझ्या हाताने पिशव्या बांधल्या. सीलबंद होत्या. भाच्याच्या किल्लीने खोलीला कुलूप लावलं. किल्ल्या दोन. एक मास्तरांकडे, एक भाच्याकडे."

हा भाचा म्हणजे मालकाच्या बहिणीचा मुलगा, वय तीस. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद करून छापील लावा, असा त्याचा धोशा होता. म्हणून दुकानातली माणसं त्याला छापखाना म्हणायची. कालच त्यावरून मामा-भाच्यात जोरदार वाजलं होतं.

"त्याचंच काम आहे," मालक म्हणाला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? पण पाच वाजेपर्यंत कबूल झाला नाही तर मी चौकीवर फोन करणार. भाचा असला म्हणून काय झालं."

चव घ्यायची खोली मागच्या बोळाच्या टोकाला होती. पांढरं टेबल, पांढऱ्या भिंती, एक बेसिन, एक बंद खिडकी. रस्त्यावरचे वास आत येऊ नयेत म्हणून ती खिडकी कधी उघडत नसत. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला. सांडलेल्या वाइनचा आंबूस, जड वास भिंतींना चिकटून बसला होता. बेसिन मात्र घासूनपुसून लख्ख होतं.

टेबलावर बारा बुचं ओळीने मांडली होती. बाईंनी एकेक उचलून उजेडात धरलं. प्रत्येकाच्या मधोमध एकच सरळ भोक. कडा शाबूत, एक कपचा उडालेला नाही.

बोळात झाडणारी मावशी उभी होती. बाईंनी तिला आत बोलावलं.

"पहिल्यांदा कुणाला कळलं?"

"मलाच की. नऊला आले. बोळाच्या तोंडाशीच भपकारा आला. म्हटलं, मेलं काहीतरी फुटलं. दार ढकललं तर मास्तर टेबलाशी बसलेले."

"काय करत होते?"

"चिठ्ठ्यांचे कागद कापत होते. ते आठलाच येतात."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मास्तर, वास केवढा येतोय. तर म्हणाले, कसला वास? मग लगेच म्हणाले, हो हो, येतोय खरा. मग मी मालकांना हाक मारली. त्यांनी पिशवी सोडली, बूच हातानेच उपसलं आणि बाटली उपडी केली, तर पाणी."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी बंद खिडकीकडे बघितलं.

भाचा आला तो आधी त्याचं अत्तर आलं, मग तो. मास्तर त्याच्या मागोमाग आले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. साठी उलटलेला सडसडीत माणूस, शर्टाच्या खिशात पेन्सिल. पूर्वी या खोलीत कुणी सुगंधी साबण लावून आलं तरी मास्तर त्याला बाहेर काढायचे. एकदा त्यांनी खुद्द मालकाला हात धुवायला परत पाठवलं होतं. आज ते काहीच बोलले नाहीत.

"काल रात्री कुठे होतास?" बाईंनी भाच्याला विचारलं.

"घरी. मामाबरोबरच बाहेर पडलो. सकाळी साडेनऊला आलो. बाई, मला छापील चिठ्ठ्या हव्यात हे खरं आहे. पण मी दुकानाचं नुकसान करीन का?"

बाईंनी कपाटातली एक साधी बाटली त्याच्यापुढे ठेवली. "उघड."

भाच्याने स्क्रू फिरवला, ओढला, पुन्हा फिरवला. अर्धं बूच बाहेर आलं, अर्ध्याचा चुरा बाटलीत पडला. मावशी तोंडाला हात लावून हसली. "दर खेपेला असंच," ती म्हणाली.

"मास्तर, तुम्ही आलात तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"नाही. पिशव्या बांधलेल्या होत्या. मला वाटलं, सगळं ठीक आहे." ते बाईंकडे न बघता बोलले.

एवढ्यात मास्तरांची लेक आत आली. नवऱ्याचं घर सोडून आल्याला तिला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून ती दुकानातच कामाला होती. बाटल्या उघडायची, आणि बाबांच्या वहीतला कच्चा मजकूर चिठ्ठ्यांवर उतरवायची. चिठ्ठ्यांचं अक्षर तिचंच.

"बाई, तुमचं दूध उतू गेलं का हो आज?" ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"पदराला येतोय ना वास, जळक्या दुधाचा." ती किंचित हसली. मग बुचांकडे तिची नजर गेली आणि हसू मावळलं.

"तू कधी आलीस?"

"सव्वानऊला. बाबा पुढे आले होते."

"रोज बरोबर येत नाही?"

"बाबा रोज आठला येतात, मी मागून," ती म्हणाली आणि टेबलावरची बुचं सारखी करू लागली.

निघताना बाईंनी मालकाला एकच विचारलं. "मास्तर मध्ये आजारी होते ना?"

"आठ महिने झाले त्याला. पंधरा दिवस तापाने फणफणले होते. का?"

"सहज," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. चार वर्षांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या मागे तारीख. पंचनाम्याची सवय. बाईंनी त्या तारखेनुसार लावल्या आणि चष्मा पुसून वाचत गेल्या. दुपार उलटली. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचल्या, आपलं चुकत असावं अशी आशा धरून. चुकत नव्हतं. शेवटी ती दिव्याची चिठ्ठी हातात घेऊन त्या बराच वेळ बसून राहिल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. शनिवार चालू राहिले असते. फक्त एक निर्दोष पोरगा पाच वाजता चौकीवर गेला असता. बाईंना तो पोरगा आवडत नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचाच जास्त राग आला. त्यांनी चिठ्ठ्या पिशवीत भरल्या आणि चपला घातल्या.

पाचला पाच मिनिटं कमी होती. खोलीत मालक, भाचा, मास्तर आणि लेक. मालकाने फोन हातात घेतलाच होता.

"थांबा," लेक म्हणाली. "मी केलंय. मी ओतली वाइन."

मास्तर ताडकन उठले. बाईंनी हाताने त्यांना बसवलं.

"कधी ओतलीस?"

"सकाळी सातला. बाबांची किल्ली घेऊन आले, आणि ते उठायच्या आत परत ठेवली."

"बाटल्या पुन्हा भरल्यास, बुचं लावलीस, बेसिन घासलंस?"

"हो."

"आणि खिडकी?"

लेक गोंधळली. "खिडकी... बंदच ठेवली."

"बस, पोरी," बाई म्हणाल्या. "तुला खोटं बोलता येत नाही, आणि त्यात वाईट काही नाही."

त्या टेबलाशी आल्या. आवाज चौकीतला.

"ज्याने हे केलं, त्याने फार नीट केलं. पाणी भरलं, कारण उचलल्यावर वजन लागावं. पिशव्या बांधल्या. बेसिन घासलं. उद्या सगळ्यांसमोर पिशव्या सुटेपर्यंत कुणाला पत्ता लागू नये, असा हिशेब होता. ही बुचं बघा. सरळ भोक, चुरा नाही. छापखान्याच्या सात पिढ्यांना हे जमणार नाही. म्हणजे उरली दोन माणसं. बाप आणि लेक."

"बाई, पण हिने आत्ताच—"

"मालक, ऐका. एवढं सगळं केलं आणि एकच गोष्ट राहून गेली. वास. बारा बाटल्यांचा भपकारा बोळापर्यंत गेला. या मुलीला माझ्या पदरावरचं जळकं दूध कळतं. तिने हे केलं असतं, तर सगळ्यात आधी ती खिडकी उघडली असती. वासाचा पुरावा मागे कोण ठेवील? ज्याला तो आहे हेच कळलं नाही, तो."

मालकाने फोन टेबलावर ठेवला.

"मावशी म्हणाली, केवढा वास. मास्तर म्हणाले, कसला? हा भाचा अत्तरात न्हाऊन त्यांना खेटून उभा होता आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. आणि हे बघा." बाईंनी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे मांडले. "हा पहिला, तापाच्या आधीचा. रबर, जांभूळ, ओली पाटी, पेन्सिलीचा भुसा. हा दुसरा, तापानंतरचे तीन आठवडे. आंबट, तुरट, जिभेवर जड, घशाला ऊब. सगळं जिभेचं. नाकाचा एक शब्द नाही. आणि हा तिसरा. वास परत आले, पण ते आधीचे वास नाहीत. इस्त्री केलेली चादर. औषधांचं कपाट. न्हाऊन आलेल्या बाईचे ओले केस. नाक बदललं होतं, मालक. हे शब्द मास्तरांचे नाहीत. उतरवून काढताना हिने भरलेले आहेत."

लेकीने तोंड ओंजळीत झाकलं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "मी चुकत असेन तर सांगा. मला चुकायला आवडेल."

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"ताप उतरला आणि सगळं गेलं," ते म्हणाले. "वाटलं, येईल परत. घरी एकदा भाजी जळून कोळसा झाली, मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. ही बाहेरून धावत आली. गॅस बंद केला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटावर चिठ्ठी बघितली तर त्यात मी न लिहिलेला वास होता. मीही काही बोललो नाही. आठ महिने आम्ही एका ताटात जेवतो आणि यावर एक शब्द बोललेलो नाही."

"मग वाइन का ओतलीत?" मालकाने विचारलं.

"उद्या मी शंभर माणसांसमोर उघडा पडलो असतो. त्याचं काही नाही. पण सगळ्यांना कळलं असतं की चिठ्ठ्या हिने रचल्या. तिला लबाड म्हणाले असते. तिचं एक घर मोडलंय, ही जागा तरी राहावी. किल्ल्या दोनच आहेत, संशय या पोराच्या गळ्यात पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि सकाळी तोंड उघडायचं धाडस झालं नाही. माफ कर रे," ते भाच्याला म्हणाले.

"मला सांगायचं होतंत, मास्तर," मालक म्हणाला. "तीस वर्षं झाली. मला एकदा सांगायचं."

"सांगितलं असतं तर चिठ्ठ्या थांबल्या असत्या." मास्तरांनी तिसरा गठ्ठा जवळ ओढला. "मी रोज आठला का येतो, माहीत आहे? कपाटापाशी उभा राहून चिठ्ठ्या वाचायला. गिऱ्हाइकासारखा. चादरीचा वास, ओले केस. ही सगळी तिची आई आहे. मला तिच्या शालीचा वास येत नाही आता. पोरगी लिहायची, आणि मी वाचायचो." त्यांनी एक चिठ्ठी वर काढली. "ही बघा. ती गेल्यापासून आमच्या घरात आधी दिवा लावायला कुणी नाही. हिने तेच लिहून ठेवलं."

बाईंनी ती चिठ्ठी बघितली. मागे त्यांच्याच हाताने घातलेली तारीख होती. ती कुणासाठी लिहिली होती, ते आता त्यांना नीट कळलं. त्या खिडकीकडे गेल्या आणि वळायला त्यांनी थोडा वेळ घेतला.

"बाबा, तुम्हाला कळत होतं?" लेक म्हणाली.

"अगं, तुझी आई मला कळणार नाही का?"

बाईंनी खिडकी उघडली. बाहेरची हवा आत आली. मालक फोन खिशात घालून बाहेर गेला, भाचाही गेला.

चौकीवर कुणी गेलं नाही. शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला. मास्तर घरी बसले. मालकाने लेकीला हात जोडून सांगितलं, चिठ्ठ्या तूच लिही, खाली नाव तुझं घाल. ती नाही म्हणाली. "बाबा चोरून वाचायचे म्हणून सुचत होतं," ती म्हणाली. "आता नाही सुचत."

पुढच्या शनिवारी पाच वाजता बाई दुकानात गेल्या. कपाटाला छापील चिठ्ठ्या होत्या. गडद लाल. मध्यम तुरट. जेवणाबरोबर उत्तम. बाईंनी न वाचता एक बाटली उचलली. घरी येऊन दिवा लावला, पेला भरला आणि आयुष्यात पहिल्यांदा नाक खाली घालून वास घेतला. मग कागद पुढे ओढला. पंचनाम्यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. चार कागद फाडले.

रविवारी सकाळी लेकीने दार उघडलं. बाईंनी काही न बोलता कागद मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला.

"वास: दूध उतू गेलेल्या घराचा. घरात माणूस एकच, आणि तोही फोनवर."

"रेड वाइनला असा वास नसतो, बाई," ते म्हणाले.

"मला आला."

मास्तरांनी सवयीने कागद नाकापाशी नेला. क्षणभर तसाच धरला, मग गुडघ्यावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला.

"वाचा ना तुम्हीच," ते म्हणाले. "एकदा वाचून दाखवा."

बाईंनी चष्मा लावला. त्यांनी तो कागद चौकीत पंचनामा वाचावा तसा, एकेक शब्द सुटा करून वाचला, मग मास्तरांची पेन्सिल मागून घेतली आणि मागे तारीख घातली.